दुर्बिणीचा अडसर

"मास्तर, भिंगावरनं आधी हात काढा," दस्तगीर म्हणाला. "न्हाईतर हवालदाराला सुपारीच्या जागी तुमचा अंगठा दिसंल."

मी हात काढला. ठसा उमटलाच होता. दस्तगीरनं जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं तो पुसला, दुर्बीण उजेडाकडे धरून आरपार पाहिली आणि मांडीवरच्या फडक्यात अलगद ठेवली.

बाजाराच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे रस्त्याकडेला टाकलेली फळी, मागे पायानं फिरवायची सहाण, आणि भिंतीवर खिळ्यांना लटकलेले विळे, कात्र्या, अडकित्ते. दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या जोडीला छर्ऱ्याच्या बंदुका येत. जत्रांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आसपासचे सगळे फुगेवाले आपापल्या बंदुका दस्तगीर शिकलगाराकडे आणून टाकत. आमच्या गावच्या नेमबाजी मंडळाच्या बारा बंदुकाही त्याच्याच हवाली असत.

हवालदार रंगराव खराडे उलट्या डब्यावर बसून चहा पीत होते. बंदूक त्यांची, दुर्बीणही त्यांचीच. निवड मात्र माझी होती, आणि ते कुणीतरी बोलून दाखवावं म्हणून मी मघापासून तिथे उभा होतो.

"दुर्बीण बरी आणलीसा हवालदार," दस्तगीर म्हणाला. "कुणी निवडली?"

"मास्तरांनी."

"ह्या मास्तरांनी?"

त्यानं मला पायांपासून चष्म्यापर्यंत पाहिलं. मान डोलावली. ती मान डोलावणं मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरलो असतो तर बरं झालं असतं.

मला गावात मास्तर म्हणत, पण मी कधी कुणाला शिकवलं नाही. मी, दिगंबर टेंगशे, नगर वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. चष्मा, सायकल आणि कमी बोलणं, एवढ्या भांडवलावर लोकांनी मला मास्तर करून टाकलं होतं. तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. बेचाळीस वर्षांत मला कुणी काही विचारलंच, तर ते एखाद्या शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ.

त्यामुळे गणपतीच्या आधी एका संध्याकाळी हवालदार वाचनालयात आले, सगळे वाचक उठून जाईपर्यंत कालचाच पेपर चाळत बसले आणि मग माझ्या टेबलावर वाकून कुजबुजले, "मास्तर, माशी दिसेना झालीय," तेव्हा मी इकडेतिकडे पाहिलं.

"कुठे आहे माशी?"

"अहो, बंदुकीची! नळीच्या टोकाला नेम धरायचा दाणा असतो, ती माशी. सुपारी बघावी तर माशी पुसट, माशी बघावी तर सुपारी गायब. कुणाला बोलू नका."

कुणाला न बोलण्यासारखंच होतं ते. खंडेनवमीला आमच्या मंडळाची नेमबाजी असे. पंचवीस पावलांवर दोरी बांधायची, दोरीला दोऱ्यानं सुपाऱ्या लटकवायच्या आणि छर्ऱ्यानं उडवायच्या. फौजेतून निवृत्त होऊन आल्यापासून सलग अकरा वर्षं हवालदारांनी ती जिंकली होती. गावात त्यांची जी काही शान होती, ती त्या सुपाऱ्यांवर उभी होती.

"दुर्बीण लावत्यात म्हणं बंदुकीला," ते म्हणाले. "कसली घ्यायची, कशी बसवायची, कुठल्यातरी पुस्तकात असंलच की. तुम्ही वाचा नि मला सांगा."

वाचनालयात एक इंग्रजी पुस्तक निघालं. संस्थानच्या कुण्या शिकारी अधिकाऱ्याच्या संग्रहातून देणगी आलेलं, पन्नास वर्षांपूर्वीचं. शिकारीच्या रायफली आणि त्यांच्या दुर्बिणी. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते तीनदा वाचलं. मग आम्ही दोघं एसटीनं पुण्याला गेलो.

दुकानदारानं आधी एक लांबलचक, काळी चकचकीत दुर्बीण काढली. नऊ पट मोठं दाखवणारी.

"नऊ पट! म्हंजे सुपारी नारळाएवढी!" हवालदार हरखले.

"हाताचा कंपही नऊ पट दिसेल," मी म्हणालो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. मी ती दुर्बीण खोक्यांच्या चवडीवर ठेवायला लावली, समोरच्या दुकानाच्या पाटीवर रोखली आणि डोळा जरा डावी-उजवीकडे हलवून पाहिला. आतली फुली पाटीवरून सरकली. "हिचं भिंग शंभर यार्डांसाठी जुळवलेलं आहे. पंचवीस पावलांवर डोळा केसभर हलला तरी नेम हलेल. चार पटीची दाखवा. पुढचं कडं फिरवून जवळचं जुळवता येईल अशी."

तशी एक होती. आखूड, साधी. तिचं कडं दहा मीटरपर्यंत खाली येत होतं, आणि डोळा कसाही हलवला तरी फुली पाटीच्या अक्षराला चिकटून राहत होती.

"साहेब शिकार करतात वाटतं?" दुकानदारानं हवालदारांना विचारलं.

"न्हाई," हवालदार म्हणाले. "वाचत्यात."

तर ती ही दुर्बीण. दस्तगीरनं आता ती बसवायला घेतली. दुर्बीण ज्या लोखंडी बैठकीवर बसते तिला तो घोडी म्हणत होता. बंदुकीच्या पाठीवर दोन लांब चर असतात, त्यांत घोडीचे जबडे अडकवायचे, घोडीच्या कड्यांत दुर्बीण धरायची आणि स्क्रू आवळायचे. एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा, जीपच्या चाकाचे नट आवळतात तसे. दर खेपेला तो दुर्बिणीत डोकावून आतली फुली उभी आहे ना हे पाहत होता.

"आजून आवळ की," हवालदार म्हणाले.

"पिचंल नळी. ताकदीनं धरायचं न्हाई तिला, नुसतं बसवायचं. धरायला हा हाय."

त्यानं खिशातून बोटाच्या पेराएवढा पोलादी तुकडा काढला. स्वतः कानशीनं घासून केलेला. "ह्यो अडसर. ह्यो चरात बसवला की घोडी जागची हालत न्हाई."

आणि त्यानं तो अडसर घोडीच्या मागे, डोळ्याच्या बाजूला बसवला.

"दस्तगीर," मी म्हणालो, "तो पुढे हवा."

त्यानं वर पाहिलं. "का?"

अडकित्त्याला धार लावायला आलेला एक पानवाला थांबला होता. विळे घेऊन आलेल्या दोन बायका फळीला टेकून उभ्या होत्या. चारचौघांत बोलणं मी नेहमी टाळतो. तरी मी बोललो, कारण पुण्याला मी बरोबर ठरलो होतो.

"बार उडाला की बंदूक मागे येते. दुर्बीण मात्र जागच्या जागी राहू पाहते. म्हणजे बंदुकीच्या मानानं ती पुढे सरकते. एसटीनं पुढे हिसका दिला की आपण सीटवर मागे पडतो, तसंच पण उलट. म्हणून अडसर पुढे हवा. पुस्तकात आकृती आहे."

दस्तगीरनं सगळं नीट ऐकून घेतलं. चेष्टा केली नाही.

"बराबर हाय," तो म्हणाला. "दारूची असती तर. पर हिच्या पोटात दारू न्हाई मास्तर, स्प्रिंग हाय. स्प्रिंग सुटली की आतला दट्ट्या पुढं पळतो, बंदूक मागं येती. हितवर तुमचं खरं. मग दट्ट्या टोकाला जाऊन आपटतो, आणि बंदूक पुढं हिसका खाती. ही म्हस दोनदा लाथ मारती. पयली मागं, दुसरी पुढं, आणि दुसरी जोराची. तुमचीच एसटी घ्या की. पुढं हिसका बसला की शिटावरचा कुठं जातो? मागं. दुर्बीण मागं येती. डोळ्यावर."

"पुस्तकात तसं नाही."

"मग पुस्तकाला एक छर्रा मारून बघा!"

पानवाला फिसकन हसला. बायकांनी पदर तोंडाला लावला. हवालदार सगळ्यांत जास्त हसले, चहा विजारीवर सांडेपर्यंत. मीही हसलो. हसलो नसतो तर आणखी वाईट दिसलं असतं. पण माझे कान तापले होते, आणि दस्तगीर पुढे काय बोलत होता ते मला धड ऐकूही येत नव्हतं. तो त्याच्या मुलीविषयी सांगत होता.

"मुमताज येणार हाय औंदा नवमीला, जावयाला घेऊन. जावई कारखान्यात फोरमन. त्याला वाटतं, सासरा रस्त्यावर बसून सुऱ्या घासतो. म्हटलं, येऊन मान बघ जा सासऱ्याचा."

मान म्हणजे नवमीच्या दुपारी, नेमबाजी संपल्यावर, मंडळाच्या सगळ्या हत्यारांची देवीपुढे पूजा होई. आणि पहिला शेला शिकलगाराच्या खांद्यावर पडे. दस्तगीरच्या आज्यापासूनची ती रीत. वर्षभर विळे घासणाऱ्या माणसापुढे त्या एका दुपारी आख्खं मंडळ उठून उभं राही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरनं आणि हवालदारांनी तालमीमागच्या मैदानात नेम जुळवून घेतला. दहातल्या नऊ सुपाऱ्या पडल्या. "आता कुणी हात लावायचा न्हाई हिला," दस्तगीर म्हणाला. हवालदारांच्या घरी नातवंडांचा गोंधळ, शिवाय दुर्बिणीची बातमी आणखी फुटायला नको. म्हणून बंदूक फडक्यात गुंडाळून माझ्या वाचनालयातल्या कपाटात आली.

अष्टमीच्या दुपारी मी ती बाहेर काढली.

वाचनालय बारा ते चार बंद असे. शिपाई जेवायला गेला होता. मी दाराला आतून कडी लावली, वर्तमानपत्रांच्या टेबलावर बंदूक आडवी ठेवली आणि शेजारी पुस्तक उघडलं. आकृतीत अडसर पुढेच होता. शिकारी रायफलची आकृती होती ती. दस्तगीरनं सांगितलेला फरक मला शब्दन् शब्द आठवत होता. तो खरा असू शकेल हेही मला कळत होतं. पण पन्नास वर्षांपूर्वीचा का असेना, तो एक छापील, बांधीव ग्रंथ होता. आणि समोर फुगेवाल्यांच्या बंदुका दुरुस्त करणारा एक माणूस, ज्यानं पानवाल्यासमोर माझं हसं केलं होतं.

मी एक वाक्यही तयार करून ठेवलं होतं. उद्या हवालदार जिंकले की मंडपात, सगळे असताना, अगदी सहज म्हणायचं, "दस्तगीर, एक गंमत सांगू?" ते वाक्य मी त्या रिकाम्या वाचनालयात दोनतीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

दुर्बिणीच्या खोक्यात एलन की होती. अडसराचा स्क्रू अर्धा फेरा ढिला केला, अडसर मागून काढला, पुढे बसवला, आवळला. घोडीला मी हातसुद्धा लावला नाही, त्यामुळे नेम जसाच्या तसा राहणार होता. पाच मिनिटांचं काम. बोटांना तेलाचा वास लागला होता. संध्याकाळपर्यंत मी हात धुतले नाहीत. असला वास माझ्या हातांना आजवर कधी आला नव्हता.

नवमीला सकाळी मैदानात शंभरेक माणसं होती. दुर्बीण पाहून कुजबुज झाली. कुणी म्हणालं, हे काय, आता तोफ आणा. पण नियमात दुर्बिणीला बंदी नव्हती. आजवर कुणी आणलीच नव्हती, तर बंदी घालणार कोण? मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब मगदूम, बेदाण्याचे व्यापारी, त्यांनी "चालू द्या" म्हटलं.

पहिल्या दहा छर्ऱ्यांत हवालदारांनी नऊ सुपाऱ्या पाडल्या. लोक ओरडले. मी दोरीजवळ उभा होतो आणि माझं वाक्य जिभेवर घोळवत होतो. दस्तगीर पलीकडे होता. शेजारी हिरव्या साडीतली त्याची मुलगी, आणि पँट-बुशकोटातला जावई.

दुसऱ्या दहांत चौथ्या-पाचव्या छर्ऱ्यानंतर काहीतरी बिघडलं. एक हुकली. एक पडली. पुन्हा एक हुकली. मी सुपाऱ्यांकडे पाहत नव्हतो, हवालदारांच्या मानेकडे पाहत होतो. दर बाराला ते मान जराशी मागे नेत होते. आधी गाल जिथे टेकत होता तिथून अंगुळभर मागे. मग आणखी मागे. दुर्बीण त्यांच्याकडे येत होती, आणि ते नकळत तिला जागा करून देत होते.

मला ते कळलं. बहुधा सोळाव्या छर्ऱ्याला. "थांबा" एवढा एकच शब्द ओरडायचा होता. मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे समोर पाहत होते. मी ओरडलो नाही.

दुसऱ्या फेरीत सहाच पडल्या. पंधरा झाल्या. शेजारच्या गावचा पोस्टमन नेमगोंडा, दुर्बीण नसलेली, साध्या माशी-खाचेची बंदूक घेऊन आलेला, त्याच्याही पंधरा. शेवटी दोघांना पाच पाच छर्रे.

नेमगोंडानं तीन पाडल्या. हवालदारांनी पहिला मारला, हुकला. दुसरा हुकला. तिसरा दोरीच्या बांबूत घुसला. "आयला," ते स्वतःशी म्हणाले आणि चौथ्याला डोळा घट्ट भिडवून दाबला. बार झाला आणि हवालदारांनी झटकन तोंड मागे घेतलं. उजव्या भुवईवर अर्धगोल लाल रेघ उठली होती. रक्ताचा एक थेंब गालावर उतरला. पाचवा त्यांनी मारलाच नाही.

"हवालदार, आता चष्मा नि काठी!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

"डोळं न्हाई गेलं माझं!" हवालदार गरजले. फौजेतला आवाज होता तो, पण शेवटी चिरकला. "ही दुर्बीण माझ्या तोंडावर आली! बघा, कुणीबी येऊन बघा!"

मगदूम पुढे झाले. लोकांनी कडं केलं. घोडी बोटभर मागे सरकली होती. चरांवर घासल्याचा पांढरा ओरखडा. आणि अडसर पार पुढे एकटाच उभा होता, कशालाही न अडवता.

"दस्तगीर, हिकडं ये!"

दस्तगीर आला. बंदूक हातात घेतली. एकदाच पाहिली.

"अडसर पुढं हाय," तो म्हणाला.

"कुणी बसवला?"

"मी बसवला तवा मागं होता."

"मग पुढं काय चालत गेला?" मगदूम म्हणाले. लोक हसले.

"आरं, मास्तरांनी त्याच दिवशी टोकलं हुतं तुला," हवालदार म्हणाले. रुमाल भुवईला दाबलेला. "ह्या अडसरावरनंच. मी हुतो की तिथं. तू दात काढलास!"

"टोकलं हुतं, खरं हाय," दस्तगीर म्हणाला. "काय टोकलं हुतं ते विचारा."

कुणी विचारलं नाही. अडसरावरून वाद झाला होता, मास्तर एक म्हणत होते, शिकलगार दुसरं, आणि आज अडसर चुकीच्या जागी निघाला. लोकांना एवढं पुरे होतं. हवालदारांच्याही लक्षात हसणं तेवढं राहिलं होतं. पुढे कोण म्हणालं होतं आणि मागे कोण, ते चहाबरोबर सांडून गेलं होतं.

"माझ्या हातनं बंदूक सुटली ती मास्तरांच्या कपाटात गेली," दस्तगीर म्हणाला. "मधी कुठं न्हाई."

"म्हंजे मास्तरांनी फिरवला म्हणतोस?" मगदूमांना खरंच हसू फुटलं. "आरं, ह्या मास्तरांनी? वाचनालयातला बल्ब गेला तर हे शिपायाची वाट बघत अंधारात बसत्यात! स्क्रू कुठल्या अंगाला फिरतो ते तरी ठावं हाय का त्यांस्नी?"

सगळे हसले. नेमगोंडा हसला, तालमीतले पैलवान हसले. बल्बाची गोष्ट खरी होती. मी मान खाली घातली. स्वतःविषयीचं ते हसणं ऐकताना मला आयुष्यात पहिल्यांदाच हायसं वाटत होतं.

दस्तगीर मात्र हसला नव्हता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही बोला."

शंभर माणसं माझ्याकडे वळली. दस्तगीर माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याच्या मागे त्याची मुलगी टाचा उंचावून पाहत होती.

"मी... म्हणजे... पुस्तकात..." मी म्हणालो.

"बघा," मगदूम म्हणाले. "आजूनबी पुस्तकाचंच नाव. स्वतःकडं मोठेपणा घेत न्हाईत."

दस्तगीर थांबून होता. त्याला घाई नव्हती. स्क्रू आवळताना जशी नव्हती, तशीच. "मीच फिरवला", एवढे दोन शब्द होते. मी ते मनात जुळवले. तोंड उघडलं. आणि तोंडातून आलं ते असं:

"झालं ते झालं. जाऊ द्या आता."

"वा!" कुणीतरी म्हणालं. "ह्याला म्हणायचं मोठं मन."

तोवर दस्तगीरच्या चेहऱ्यावर राग होता. तो राग गेला. एखाद्या विळ्याचं पातं इतकं मऊ निघायचं की त्याला धारच धरायची नाही. असा विळा कुणी आणला की दस्तगीर तो एकदा उलटून पाहायचा आणि काही न बोलता परत द्यायचा. तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बंदूक हवालदारांच्या हातात दिली आणि गर्दीतून बाहेर गेला.

आज या गोष्टीला छत्तीस वर्षं झाली. इथवरचं मी दोघातिघांना सांगितलं आहे, जरा फिरवून, दुसऱ्या कुणाची म्हणून. पुढचं कुणालाच सांगितलेलं नाही.

दुपारी मंडपात देवीपुढे पाट मांडले होते. बारा बंदुका झेंडूच्या माळा घालून ओळीनं ठेवल्या होत्या. दस्तगीर त्यांच्यापाशी उभा होता. घरी निघून गेला असता तर कुणी अडवलं नसतं. पण पूजा होईतो हत्यारं शिकलगाराच्या हवाली असतात, आणि ती उचलून हातात द्यायला त्याच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. मुमताज बायकांच्या बाजूला बसली होती. जावई मंडपाच्या कडेला खांबाला टेकून उभा होता.

मगदूमांनी तबकातला शेला उचलला.

"मंडळी, मान हत्याराचा असतो," ते म्हणाले. "ज्याला हत्यार कळतं त्याचा असतो. पिढीजात म्हणून डोळं झाकून द्यायचा न्हाई. औंदा आपल्याला कळलं, हत्यार कुणाला कळतं. आणि त्या माणसानं चारचौघांत चूक करणाऱ्याला माफबी केलं. टेंगशे मास्तर, पुढं या."

"नको, नको," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत खरं "नको" होतं. लोकांना ते शोभून दिसलं. दोघांनी मला दंडाला धरून उभं केलं.

शेला खांद्यावर पडला. जरीचा काठ मानेला टोचत होता. मी बायकांच्या बाजूला पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पाहिलं. मुमताज उठून चपला शोधत होती.

मंडळाची सगळ्यांत जुनी बंदूक मानकऱ्यानं हातात घेऊन देवीपुढे ठेवायची असते. दस्तगीरनं ती उचलली आणि माझ्या हातांवर ठेवली. मी ती धरली. कशी धरायची मला माहीत नव्हतं. मागे लोक थांबले होते.

"चापावरनं बोट काढा," दस्तगीर म्हणाला. फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात.

मी बोट काढलं.

"नळी देवीकडं नगं. उजव्या अंगाला करा."

मी बंदूक फिरवली.

"आता वाका. सावकाश. आता ठेवा."

मी वाकलो, ठेवली आणि तसाच वाकून राहिलो. पुढे काय करायचं ते मला सुचेना. दर वर्षी मी मागच्या रांगेत बसत असे. पुढे मानकरी काहीतरी मोठ्यानं म्हणतो आणि सगळे ओरडतात एवढंच कानावर पडलेलं.

"आता?" मी विचारलं.

दस्तगीर माझ्याकडे पाहत नव्हता, बंदुकीकडे पाहत होता. "आता सगळ्यांच्या पुढं देवीला सांगायचं," तो म्हणाला. "हत्यारात खोट न्हाई. माझ्यात खोट न्हाई. म्हणा."

मला वाटलं, तो हे मुद्दाम बनवून सांगतो आहे. पण मगदूमांनीही मान हलवली. "म्हणा की मास्तर. रीत हाय."

मी सरळ उभा राहिलो. आवाज निघणार नाही असं वाटलं होतं, पण निघाला; चांगला खणखणीत निघाला.

"हत्यारात खोट नाही. माझ्यात खोट नाही."

"खोट नाही!" मंडपातून शंभर माणसं एका आवाजात ओरडली. माझ्या शेजारचा तेवढा एक गप्प होता.